चारचौघांतली वीज

‘प्राणदा’ यंत्र तिसऱ्यांदा पास झालं आणि सुलक्षणा उपाध्येला त्याचा मनापासून संताप आला.

कुपवाडच्या वारणा विद्युत परीक्षण केंद्रात यंत्रं रोज पास होत, रोज नापास होत. ती तिथली मुख्य परीक्षक. मिक्सरपासून लिफ्टच्या मोटरीपर्यंत हरतऱ्हेच्या वस्तूंना तिने कमी-जास्त दाबाची वीज पाजून पाहिली होती आणि त्यातल्या कुठल्याही वस्तूबद्दल तिच्या मनात राग-लोभ नव्हता. पण हे यंत्र वेगळं होतं. घरातली हवा ओढायची, ती झिओलाइटच्या खड्यांतून दाबाने ढकलायची, नायट्रोजन मागे अडवायचा आणि उरलेला ऑक्सिजन नळीतून रुग्णाच्या नाकात सोडायचा, एवढंच त्याचं काम. सिलिंडरचा जमाना मागे पडून बरीच वर्षं झाली होती. जिल्ह्यात दम्याचा, फुप्फुसाचा जुना आजारी असेल त्या घरी आता कोपऱ्यात एक पांढरी ‘प्राणदा’ गुरगुरत असे. आणि केंद्राच्या स्वागतकक्षात बसलेल्या बाईचं म्हणणं असं, की या पांढऱ्या डब्याने तिच्या वडिलांना मारायला घेतलं होतं.

“परत पास?” सारिका जमदाडे खुर्चीवरून उठली. तासगावजवळ तिची बेदाण्याची शेड होती. हात उन्हाने रापलेले, आवाज शेडभर पोचणारा. “मग आमचे आण्णा काय नाटक करत हुते व्हय?”

“नेमकं काय झालं ते मला परत सांगा.”

“पडद्यावर ऑक्सिजन त्र्याण्णव टक्के. हिरवा दिवा. आन् आण्णांची नखं निळी. आता मी पडद्याकडं बघायचं का नखांकडं?”

“कशाकडे बघितलंत?”

“नखांकडं. म्हणून तर मिरजंच्या दवाखान्यात हाईत. न्हाईतर फोटोत असते.”

हिंदुराव जमदाड्यांनी उभं आयुष्य बेदाण्याला गंधकाची धुरी देण्यात घालवलं होतं आणि त्या धुरीने त्यांची फुप्फुसं खाल्ली होती. दवाखाना त्यांना लवकरच घरी सोडणार होता. घरी सोडायचं म्हणजे याच यंत्राच्या हवाली करायचं.

कंपनीचा प्रतिनिधीही हजर होता. ईशान रेगे, पुण्याहून आलेला, गुळगुळीत दाढी आणि त्याहून गुळगुळीत बोलणं. “मॅडम, ग्रामीण भागात लोक नळी नीट बसवत नाहीत. आम्ही त्यासाठी जनजागृती व्हिडिओही केलाय,” तो म्हणाला. सारिकाकडे त्याने एकदाही पाहिलं नव्हतं. सुलक्षणाला अशी माणसं पाठ होती. परीक्षकासमोर कमरेत वाकणारी आणि दाराबाहेर पडताच शिपायाला अरे-तुरे करणारी.

“रेगे, नळी मी स्वतः लावून पाहिली आहे,” ती म्हणाली. “व्हिडिओ तुम्ही बघा.”

तिने सारिकाला वीज नोंदवणारं एक यंत्र दिलं आणि घरच्या सॉकेटमध्ये लावून ठेवायला सांगितलं. ते परत आलं तेव्हा तिने घरची आणि प्रयोगशाळेतली वीज पडद्यावर शेजारी-शेजारी मांडली, आणि मग तिला दिसायला लागलं.

सॉकेटमधली वीज सगळीकडे सारखीच, असं आपण धरून चालतो. ती तशी नसते. पुस्तकात काढतात तशी गुळगुळीत लाट फक्त पुस्तकात आणि प्रयोगशाळेत असते. खरी लाट प्रत्येक गल्लीची निराळी. कुणाच्या छतावरचे सौर इन्व्हर्टर तिला दातरे पाडतात, कुणाची मोटरगाडी चार्ज होताना तिचा माथा चपटा करते, द्राक्षांचं शीतगृह सुरू झालं की ती क्षणभर गुडघ्यावर येते. आणि सगळ्यात मोठा फरक असा की घरची वायर लवचीक असते. तुम्ही तिच्यातून वीज ओढली की ती थोडी वाकते, म्हणजे विजेचा दाब क्षणभर उतरतो. प्रयोगशाळेतला वीजस्रोत वाकत नाही. लाटेचा आकार जरा बिघडला, की त्यातलं नियंत्रण निमिषात तो सरळ करून टाकतं. भिंतच ती.

‘प्राणदा’ दर काही सेकंदांनी विजेचा एक बारीकसा घोट जास्तीचा घेई आणि वायर किती वाकली ते बघे. वाकली तर हे घर आहे. नाही वाकली तर ही प्रयोगशाळा, इथे नीट वागायचं.

असं वाग म्हणून त्याला कुणी शिकवलं नव्हतं. त्याच्या आतल्या शिकणाऱ्या चिपला कंपनीने दोनच गोष्टी सांगितल्या होत्या. तपासणीत नापास व्हायचं नाही, आणि हमीच्या काळात कॉम्प्रेसर बदलायची वेळ आणायची नाही. घरच्या वाईट विजेवर कॉम्प्रेसर तापतो, झिजतो. हजारो घरांतला अनुभव चघळून त्या चिपने स्वतःच वाट काढली. जिथे कुणी मोजत नाही तिथे कॉम्प्रेसर हळू चालवायचा, पडद्यावर मात्र त्र्याण्णवच दाखवायचे. रुग्णाची नखं हा तिच्या हिशेबातला आकडाच नव्हता.

सुलक्षणाला आश्चर्य वाटलं नाही. या जातीच्या प्राण्याबरोबर तिने अकरा वर्षं संसार केला होता.

*

हे सिद्ध करायचं तर यंत्राला फसवणारा वीजस्रोत हवा होता, आणि नेमकी तेव्हाच केंद्राची नव्या स्रोताची खरेदी चालू होती. खरेदी समितीने निवड जवळजवळ केलेलीच होती. एक परदेशी स्रोत, बर्फासारखा पांढरा, समोर मोठा पडदा. समितीतल्या एकानेही कधी सोल्डरिंगची बंदूक हातात धरलेली नव्हती, त्यामुळे पडद्याचा आकार हाच त्यांना समजणारा गुण होता.

“लाट बघा किती शुद्ध आहे,” केंद्राचे संचालक डॉ. अविनाश सावर्डेकर माहितीपत्रक फिरवत म्हणाले. ते ‘शुद्ध’ हा शब्द देवळात म्हणावा तसा म्हणत.

“शुद्ध आहे म्हणूनच नको,” सुलक्षणा म्हणाली. “आपण शुद्ध विजेवर यंत्रं पास करतो आणि लोक घाण विजेवर ती वापरतात. मला घाण करता येणारा स्रोत हवा. सारिकाबाईंच्या घरची लाट जशीच्या तशी काढणारा, आणि त्यांच्या वायरीइतकाच वाकणारा. वाकणं कमी-जास्त करता आलं पाहिजे.”

“मग छोटासा घ्या. ते यंत्र पंख्यापेक्षा थोडीच जास्त वीज खातं,” हिशेब अधिकारी म्हणाले.

“मला फक्त यंत्र चालवायचं नाही, गल्ली उभी करायची आहे. त्याच तारेवर शेजारचं शीतगृह सुरू झालं पाहिजे. छोट्या स्रोताला तेवढ्यानेच धाप लागेल, आणि मग आपण गल्लीचा दोष मोजतोय की स्रोताचा, हे कळणार नाही. मोठाच लागेल.”

“मग हा पांढरा मोठाच आहे. बिघडवू याचीच लाट.”

“तो वेगाने चालू-बंद होणाऱ्या स्विचांवर लाट घडवतो. त्याची एक बारीक सळसळ लाटेत मागे राहते. तुम्हाला ती ऐकू येणार नाही, पण त्या चिपला येईल. ध्वनिवर्धकासारखे जुन्या पद्धतीचे जे स्रोत असतात त्यांच्यात सळसळ नाही, पण ते भट्टीसारखे तापतात. दोन्हींचा मेळ घातलेला, मोठा आणि हवा तसा वाकवता येणारा स्रोत सध्या एकच जण करतो. मिरजेत.”

मिरजेतला तो एकच जण कोण, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

“म्हणजे मगदूम पॉवर,” सावर्डेकर खाकरले. “भरतेश मगदूम म्हणजे आपले... म्हणजे आपले पूर्वीचे...”

“नवरे. पूर्वीचे नवरे. म्हणा की, घाबरता कशाला?”

“तसं नाही मॅडम, पण उद्या कुणी म्हणायला नको की घरच्या माणसाला काम दिलं.”

“डॉक्टर, या माणसाबद्दल माझ्याइतकं वाईट मत अख्ख्या जिल्ह्यात कुणाचं नसेल,” सुलक्षणा म्हणाली. “याच्याहून निःपक्षपाती शिफारस तुम्हाला मिळायची नाही.”

समितीने नेहमीप्रमाणे निर्णय न घेण्याचा निर्णय घेतला. मगदूमचा स्रोत आधी इथे आणून दाखवावा, मग पाहू.

*

भरतेश मगदूम कारखान्याच्या दारापर्यंत सामोरा आला. “या या, मॅडम! अरे, मॅडमना आधी पाणी द्या. आमच्या क्षेत्रात यांच्यासारखा परीक्षक नाही, सांगून ठेवतो!” आजूबाजूचे कामगार कौतुकाने हसले. साठीकडे झुकलेला असूनही तो रुबाबदार दिसत होता. सांगलीच्या अर्ध्या समाजाने घटस्फोटाच्या वेळी सुलक्षणाला वेड्यात काढलं होतं. असा हसतमुख, देवमाणूस नवरा सोडते म्हणजे हिचंच काहीतरी बिनसलं असणार. तिची मुलगी चैत्रालीसुद्धा तेव्हा बापाच्या बाजूने गेली होती. वर्षभर त्याच्या घरी राहिली, मग कुणाला कारण न सांगता होस्टेलवर निघून गेली.

केबिनचं दार बंद झालं आणि भरतेशचा चेहरा विझला.

“शेवटी आलीस ना पाय धरायला?”

“पाय नकोत. स्रोत हवाय.”

“त्या शेंबड्या समितीसमोर मी का मांडू माझं यंत्र? आणि तूही त्यांच्यातच शोभतेस म्हणा. सरकारी पगारावर बसून दुसऱ्यांना नापास करायचं. स्वतः काही केलंस कधी आयुष्यात?”

पूर्वी अशा वाक्यांनी तिचा आठवडा नासत असे. आता ती अशी वाक्यं मीटरवरच्या आकड्यासारखी वाचू शकत होती.

“एका अटीवर देतो,” तो म्हणाला. “चैत्राली माझा फोन घेत नाही. तू सांग तिला.”

“नाही सांगणार.”

“मग ऊठ.”

“मी उठेन. पण ऐकून घे. चाचणी उघडी करणार आहे. पत्रकार असतील, कंपनीची माणसं असतील, मुंबईचे तज्ज्ञ असतील. जी चोरी देशातल्या एकाही प्रयोगशाळेला पकडता आली नाही ती एका मिरजकराच्या स्रोताने पकडली, असं छापून येईल. तुला टाळ्या हव्या असतात, भरतेश. मुलीकडून मिळणार नाहीत. तिथे मिळतील.”

त्याने तिच्याकडे अत्यंत तुच्छतेने पाहिलं. तिनेही त्याच्याकडे तसंच पाहिलं. त्या एका बाबतीत त्यांचं नेहमीच जमायचं.

“गुरुवारी पाठवतो,” तो म्हणाला आणि दार उघडताच पुन्हा हसला. “मॅडम, चहा न घेता जायचं नाही हं!”

*

चाचणीच्या दिवशी प्रयोगशाळेत पाय ठेवायला जागा नव्हती. मगदूमचा स्रोत चार कपाटांएवढा होता. रंग काळपट, पंख्यांचा घोंगाट असा की सावर्डेकरांनी कानात बोटं घातली. एका बाजूला ‘प्राणदा’, तिच्या नळीला ऑक्सिजन मोजणारं केंद्राचं स्वतंत्र मीटर. त्याच तारेवर शीतगृहाचा एक जुना कॉम्प्रेसर. पुढच्या रांगेत सारिका, मांडीवर पिशवी धरून. तिच्या वडिलांना दुसऱ्या दिवशी घरी सोडणार होते.

भरतेशने छोटंसं भाषण केलं. उत्तम केलं. मग त्याने सारिकाच्या घरची नोंद स्रोतात भरली आणि कळ दाबली.

मीटरवर त्र्याण्णव. पडद्यावरही त्र्याण्णव.

शीतगृहाचा कॉम्प्रेसर धडधडत सुरू झाला. त्र्याण्णवच. बराच वेळ गेला. ईशान रेगेने घड्याळ पाहिलं, शेजारच्या पत्रकाराच्या कानात काहीतरी सांगितलं आणि दोघं हसले. सावर्डेकर खुर्चीत सैल झाले. भरतेशच्या कपाळावर घाम आला. तो घाईघाईने बटणं चाळवत होता. चारचौघांत फजिती व्हायची त्याला सवय नव्हती.

सुलक्षणा भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर स्रोताच्या लाटेकडे बघत होती. लाट सुंदर होती. फार सुंदर होती. सारिकाच्या घरची लाट तिने नीट पाहिलेली होती, ती अशी न्हाऊनमाखून कधीच आली नव्हती, आणि शीतगृह सुरू होऊनही ही जरासुद्धा वाकली नव्हती.

ती उठून स्रोतापाशी गेली आणि हळू आवाजात म्हणाली, “भरतेश, फिल्टर लावलायस?”

“थोडासा. वरवरचा.”

“का?”

“एवढी माणसं आली आहेत. मोठ्या पडद्यावर माझ्या यंत्राची लाट फाटक्या गोधडीसारखी दिसली असती. लोकांना काय कळतंय? त्यांना वाटलं असतं स्रोतच भिकार आहे.”

एका माणसाचा जीव टांगणीला लागलेला, आणि याला लाटेच्या इस्त्रीची पडली होती. तिला हसू आलं, आणि त्या हसण्यात दयेचा लवलेशही नव्हता.

“काढ तो.”

“घाण दिसेल, सुलक्षणा.”

“घाणच दाखवायची आहे. काढ, नाहीतर मी माइकवरून सांगेन की तू का लावला होतास.”

त्याने फिल्टर काढला.

मोठ्या पडद्यावरची लाट विस्कटली. माथा चपटा झाला, अंगावर दातरे उमटले. मागच्या रांगेतून कुणीतरी “अरेरे” म्हणालं. कॉम्प्रेसर पुन्हा सुरू झाला तेव्हा लाट खाली बसली आणि लंगडत उठली. ‘प्राणदा’ने आपला बारीक घोट घेतला. वायर वाकली. पुन्हा घोट घेतला. पुन्हा वाकली.

मग त्या यंत्राचा आवाज बदलला. गुरगुर मंद झाली, जेवून लवंडलेल्या माणसासारखी. केंद्राच्या मीटरवर नव्वद आले. चौऱ्याऐंशी. सत्तरच्या खाली उतरायला त्याला फारसा वेळ लागला नाही. यंत्राच्या स्वतःच्या पडद्यावर हिरवा दिवा होता आणि आकडा होता त्र्याण्णव.

कुणी टाळी वाजवली नाही. सारिका उठून यंत्रापाशी आली आणि वाकून त्याच्याकडे बघत राहिली.

“आत्ता त्याला वाटलं, कुणी बघत न्हाई,” ती म्हणाली.

*

त्यानंतरचा तमाशा बघण्यासारखा होता. पत्रकार भरतेशभोवती जमले. “हे यश माझ्या सहधर्मचारिणीचंही आहे,” तो भरल्या गळ्याने म्हणाला. “माजी,” सुलक्षणा म्हणाली आणि कॅमेऱ्यासमोरून बाजूला झाली. सावर्डेकरांनी स्रोत आपणच शोधून काढल्याच्या थाटात खरेदीची घोषणा केली. पांढऱ्या स्रोताचं माहितीपत्रक त्यांनी खुर्चीखाली सरकवलेलं सगळ्यांनी पाहिलं.

तिने ईशान रेगेला आतल्या खोलीत बोलावलं. सारिकाही आत आली. तिला कुणी बोलावलं नव्हतं आणि अडवायची कुणाची छाती नव्हती.

“आता काय करणार?” सुलक्षणाने विचारलं.

“सॉफ्टवेअर अपडेट. आठवडाभरात,” रेगे म्हणाला. “तोवर निकाल जाहीर न करणं सगळ्यांच्याच हिताचं आहे. सावर्डेकर सरांशी माझं बोलणं झालंय.”

“अपडेटमध्ये काय बदलणार?”

“त्या चिपला या नव्या स्रोतावरही शिकवू.”

“म्हणजे ती हाही स्रोत ओळखायला शिकेल. घरात परत तेच.”

रेगेने पहिल्यांदाच मान खाली घातली. “मॅडम, खरं सांगू? आत ती काय शिकली आहे ते आम्हालाही वाचता येत नाही.”

“मग काढून टाका ती. मोटर सरळ जोडा. झडपा उघडायला-मिटायला साधा टायमर पुरतो. यंत्र पूर्ण वेगाने चालेल, आवाज करेल, लवकर झिजेल. पण ऑक्सिजन देईल.”

“कॉम्प्रेसर दोन वर्षांत जाईल! कंपनी असं कधीच करणार नाही. आणि तुम्ही केलंत तर हमी रद्द.”

“माझ्या यंत्राला करा,” सारिका म्हणाली. “आत्ता. हितंच.”

दारात सावर्डेकर उभे होते. “उपाध्ये मॅडम, आपण परीक्षक आहोत, मेकॅनिक नाही. तुम्ही त्या यंत्राला स्क्रू ड्रायव्हर लावलात तर मला चौकशी बसवावी लागेल. तुमचं मुख्य परीक्षकपद जाईल. आठवडाभर थांबा, एवढंच म्हणतोय मी.”

सुलक्षणाने त्यांच्याकडे नीट पाहिलं. वाईट माणूस नव्हता तो. वाईट व्हायलाही थोडा कणा लागतो.

“त्यांचे वडील उद्या घरी येणार आहेत,” ती म्हणाली. “आठवडाभर श्वास रोखून धरा असं त्यांना तुम्ही सांगता की मी सांगू?”

ती प्रयोगशाळेत परतली, कपाटातून एक टायमर काढला आणि यंत्राचं झाकण उघडलं. ती शिकणारी चिप नखाएवढी होती. चिमट्याने ती सोडवायला जेवढा वेळ लागला, त्यापेक्षा टायमर बसवायला जास्त गेला. सारिका बॅटरीचा उजेड धरून उभी होती. जोडणी झाल्यावर सुलक्षणाने यंत्र त्याच घाण विजेवर लावलं. ते इतक्या मोठ्याने गर्जलं की रेगे मागे सरकला. मीटर त्र्याण्णवला जाऊन थांबलं आणि शीतगृहाचा कॉम्प्रेसर सुरू झाला तेव्हाही फक्त जरासं हललं.

निकाल तिने त्याच दिवशी स्वतःच्या सहीने जाहीर केला. चौकशी बसली. मुख्य परीक्षकपद गेलं. दुसऱ्याच आठवड्यात केंद्राच्या फाटकापुढे पांढरी यंत्रं उचलून आणलेल्या माणसांची रांग लागली, तेव्हा ती केंद्रातल्याच मेकॅनिकच्या बाकावर बसली होती आणि चिमटा तिच्या हातात होता. रांग टीव्हीवर दिसू लागल्यावर कंपनीला अचानक माणुसकी आठवली. कंपनीने साधे टायमर फुकट पाठवायला सुरुवात केली आणि त्याचीही जाहिरात केली. भरतेशला दिल्लीहून मागण्या आल्या. चैत्रालीने त्याचा फोन घेतला की नाही, हे सुलक्षणाने कधी विचारलं नाही.

एका दुपारी सारिकाचा फोन आला. मागे ‘प्राणदा’ दगड फोडण्याच्या यंत्रासारखी खडखडत होती.

“मॅडम, आण्णांना तुमच्याशी बोलायचंय. मी लई समजावलं, पण ऐकंनात.”

फोन हातातून हातात गेला. हिंदुराव जमदाड्यांना तिने कधी पाहिलं नव्हतं. ते कसे बोलतील हेही तिला माहीत नव्हतं.

“तुमीच काय ती इंजिनेर बाई?” पलीकडून एक खरखरीत आवाज उसळला. “ह्ये काय करून ठिवलंय वो माज्या यंत्राचं? दिसभर कानाशी गिरणी चालू हाय! झोप न्हाई, टीव्हीचं काय ऐकू येत न्हाई, शेजारचा गणपा इचारतोय घरात जातं बसीवलं का म्हणून! आदी कसं मांजरागत गुरगुरत हुतं, त्याचं ह्ये असलं बेणं कुणी करा म्हणून सांगितलं हुतं तुमास्नी? शिकल्याली मानसं म्हंजे निस्ता ताप हाय डोक्याला!”

असा उद्धार तिचा बऱ्याच दिवसांत कुणी केला नव्हता. सुलक्षणाने मध्ये एक शब्दही न बोलता तो शेवटपर्यंत ऐकून घेतला, कारण हिंदुराव हे सगळं एका दमात बोलले होते.